लायब्ररीतला संगणक कशासाठी?

जून उजाडला की तालुक्याच्या गावी कॉलेजच्या संगणकांना दम खायला फुरसत नसते. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, हॉल तिकीट, निकालाची प्रिंट. निलंगा असो, औसा असो की उदगीर, चित्र हेच. ही कामे नडीची असतात, ती टाळता येत नाहीत. पण ती चौकातल्या नेट कॅफेतही होतात. ग्रंथालयात संगणक ठेवतात ते नेट कॅफेत न होणाऱ्या कामासाठी, आणि ते काम कोणते हे पदवी हातात पडेपर्यंत बहुतेकांना कुणी सांगत नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणक कक्षात वरवर पाहता विशेष काही दिसत नाही. ओळीने मांडलेले संगणक, कोपऱ्यात सर्व्हर, यूपीएसची गुणगुण, एकदोन स्कॅनर, एक प्रिंटर. खरा ऐवज नजरेला पडत नाही. तो असतो वर्गणी भरलेल्या नियतकालिकांत, यंत्रांवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ती दोन्ही वापरायला शिकवणाऱ्या ग्रंथपालात. हा ऐवज नसेल तर नुसता संगणक म्हणजे विहीर आटल्यावरचा मोटारपंप.

या ऐवजाचा उपयोग समजून घ्यायला आपल्याच भागातला एक विषय घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२. औसा, निलंगा आणि उमरगा या तालुक्यांतली गावे क्षणात बसली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. समजा, निलंग्यातल्या पदवीच्या एखाद्या विद्यार्थिनीला या भूकंपावर आणि पुनर्वसनावर प्रकल्प करायचा आहे. तिचा जन्म भूकंपानंतर बारा-तेरा वर्षांनी झालेला. घरच्यांकडून ऐकलेल्या आठवणी भरपूर, पण प्रकल्पाला पुरावा लागतो. तो ती कुठून आणि कसा आणेल?

पहिली पायरी: कोणते पुस्तक कुठे आहे

ग्रंथालयात शिरल्यावर पहिला संगणक लागतो तो ओपॅकचा, म्हणजे वाचकांसाठी खुल्या असलेल्या तालिकेचा. पूर्वी हेच काम लाकडी खणांतली कार्डे करत. या तालिकेमागे ग्रंथालय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर चालते. भारतातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत दोन नावे जास्त ऐकू येतात. एक ‘सोल’. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने विद्यापीठ ग्रंथालयांसाठी घडवले, त्याची दुसरी आवृत्ती २००९ साली आणि तिसरी २०२१ साली आली. दुसरे ‘कोहा’. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी ते तयार झाले आणि २००० सालापासून वापरात आले. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला असल्याने कोणतेही ग्रंथालय ते विनामूल्य बसवू शकते.

पुस्तकावरचा बारकोड आणि देवघेवीच्या टेबलावरची ‘टिक’ ही याच सॉफ्टवेअरची दिसणारी बाजू. काही मोठ्या ग्रंथालयांत बारकोडच्या जोडीला आरएफआयडीची चिकटपट्टी असते. तिच्यातली बारीक चिप रेडिओलहरींवर उत्तर देते, त्यामुळे पुस्तक न उघडता, गठ्ठ्याने नोंद होते आणि नोंद न करता बाहेर निघालेले पुस्तक दारातच ओरडते.

ओपॅक वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की वेळ वाचतो. ग्रंथालय पुस्तकांची मांडणी विषयाने करते, आणि एकाच घटनेचे विषय अनेक असतात. ड्युई दशांश वर्गीकरणात भूकंपाचे शास्त्र ५५१.२२ या क्रमांकाखाली येते, तर भूकंपासारख्या आपत्तींतले मदतकार्य ३६३.३४९५ खाली. म्हणजे किल्लारीवरची दोन पुस्तके दोन वेगळ्या दालनांत असू शकतात. कपाटासमोर उभे राहून शोधणाऱ्याला एकच सापडेल, तालिकेत शोधणाऱ्याला दोन्ही.

नावाचेही तसेच. वैज्ञानिक लेखनात हा भूकंप कधी लातूरचा म्हणून येतो, कधी किल्लारीचा, आणि इंग्रजीत किल्लारीचे स्पेलिंगही एकसारखे नाही, काही लेखांत ते चक्क ‘खिल्लारी’ असे वाचावे लागते. म्हणून एकदा शोधून थांबू नये. सगळी रूपे ‘ऑर’ या शब्दाने जोडून एकत्र शोधावी, आणि सलग शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाकावे. एवढ्या दोन युक्त्यांनी निम्मा शोध सुधारतो.

दोन कुलुपे आणि त्यांच्या किल्ल्या

पुस्तकांनंतर येतात संशोधन नियतकालिके. इथे विद्यार्थी गूगलवर शोधतो, लेखाचे शीर्षक दिसते, त्यावर टिचकी मारतो आणि तीस-चाळीस डॉलर मागणारे पान पुढ्यात येते. बहुतेकांचा शोध इथेच संपतो. खरे तर विद्यापीठाने ती किंमत अनेकदा आधीच मोजलेली असते.

प्रकाशकाला हे कळते दोन मार्गांनी. पहिला मार्ग आयपी पत्त्याचा. विद्यापीठाच्या आवारातले सगळे संगणक ठरावीक पत्त्यांवरून बाहेरच्या जगाशी बोलतात. ते पत्ते प्रकाशकाकडे नोंदवलेले असतात. विनंती त्या पत्त्यावरून आली की पासवर्ड न मागता लेख उघडतो. म्हणून मोबाइलच्या डेटावर न उघडणारा लेख ग्रंथालयाच्या संगणकावर सहज उघडतो. दुसरा मार्ग प्रत्येकाच्या स्वतंत्र लॉगिनचा. तो आवाराबाहेरून, घरूनही चालतो.

निलंग्यासाठी हा दुसरा मार्ग मोलाचा आहे. लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत ते नांदेडला आहे. भूकंपाला वर्ष होत असताना, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, औरंगाबादच्या विद्यापीठातून ते वेगळे झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे, तरी निलंग्याहून नांदेडच्या ग्रंथालयात जाऊन यायचे म्हणजे एसटीत दिवस मोडतो. म्हणून महाविद्यालयांपुरती वेगळी सोय लागते. ती २०१० साली ‘एन-लिस्ट’ या नावाने इन्फ्लिबनेटमार्फत सुरू झाली. महाविद्यालयाने सभासद व्हायचे, ग्रंथपालाने विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची नावे नोंदवायची आणि प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन मिळायचा, अशी तिची रचना. हजारो नियतकालिके आणि लाखाहून जास्त ई-पुस्तके त्यातून वाचता येतात. अनुदानित महाविद्यालयाला ही वर्गणी वर्षाला काही हजार रुपये पडते. एखाददुसऱ्या परदेशी नियतकालिकाची छापील वर्गणी याहून महाग असते.

यात नवी भर पडली ती ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेची. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि २०२५ च्या जानेवारीपासून ती लागू झाली. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापली वर्गणी भरत असे. आता ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी केंद्र सरकारच एकत्रित पैसे मोजते, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या सहा हजारांहून अधिक संस्था यात आहेत. खासगी संस्थेने चालवलेल्या आपल्या महाविद्यालयाला याचा लाभ मिळतो का, हे ग्रंथपालाला विचारूनच खात्री करावी.

काही दारांना कुलूपच नाही. ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचे भांडार. तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता येतात. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी ‘पबमेड’ ही वैद्यकीय संशोधनलेखांची सूची १९९६ पासून विनामूल्य खुली आहे. निलंग्यात फार्मसीचे महाविद्यालय असल्याने हे नाव तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असायला हवे. आणि आपल्या विद्यार्थिनीसाठी जागतिक बँकेचे दस्तऐवज. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाला बँकेने कर्ज दिले होते, त्यामुळे त्या प्रकल्पाचे अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या गावाच्या पुनर्वसनाचा हिशेब वाचायला ना नांदेडला जावे लागते, ना मुंबईला.

या शोधात तिला जे सापडेल ते आजीच्या आठवणीत नसते. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधन घेतले. त्यात कळले की आपल्या पायाखालचा काळा पाषाण ३३८ मीटर जाड आहे, त्याखाली आठ मीटरचा गाळाचा थर आणि मग जुना नाइस खडक. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. तिथेही इतका मोठा हादरा बसू शकतो हे जगाला किल्लारीने दाखवले. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने १९९४ साली या भूकंपावर आख्खा ग्रंथ काढला.

जुना कागद संगणकात कसा जातो

इंग्रजी शास्त्रीय लेख झाले. पण त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांनी काय छापले? ती कात्रणे, जिल्हा प्रशासनाच्या पुस्तिका, स्मरणिका हे सारे कागदावर आहे. इथे स्कॅनर उपयोगी पडतो.

स्कॅनर दोन प्रकारचे. काचेवर कागद पालथा ठेवण्याचा नेहमीचा, आणि वरून छायाचित्र घेणारा. जुने बांधीव पुस्तक काचेवर दाबले तर शिवण उसवते, म्हणून त्यासाठी दुसरा. मजकूर पुढे शोधण्याजोगा करायचा असेल तर निदान ३०० डीपीआय ठेवावे, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके. ए-४ आकाराच्या पानाचे असे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ६०० डीपीआयला ही संख्या चौपट होते. छपाई बारीक किंवा पुसट असेल तरच तो भार उचलावा.

स्कॅन झालेले पान हे संगणकाच्या लेखी नुसते चित्र. त्यातून अक्षरे ओळखण्याचे काम ओसीआर सॉफ्टवेअर करते. टेसेरॅक्ट हे त्यातले विनामूल्य आणि मराठी येणारे सॉफ्टवेअर. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ते सुरू केले, २००५ साली खुले केले आणि नंतर गूगलने ते वाढवले. देवनागरी त्याला रोमनपेक्षा जड जाते. शिरोरेषेने अक्षरे एकमेकांना जोडलेली, वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. वर्तमानपत्राची शाई फुटलेली असली की ‘घ’ आणि ‘ध’ एक होतात. म्हणून ओसीआरने दिलेला मजकूर मूळ पानाशी ताडून वाचल्याशिवाय वापरू नये, आणि आकडे तर दोनदा तपासावे.

आणखी एक अडचण मराठीपुरती आहे. आपल्याकडे अनेक वर्षे टंकलेखन जुन्या फॉन्टांत झाले. त्या फाइलींत आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात, वर फक्त देवनागरी आकार चढवलेला. तो फॉन्ट यंत्रावर नसला की ‘किल्लारी’च्या जागी अर्थहीन खुणा दिसतात, आणि अशा फाइलीत काही शोधताही येत नाही. युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ साली आलेल्या या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे. २०१४ साली मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. प्रकल्प मराठीत लिहायचा तर तो युनिकोडमध्येच लिहावा. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आधीपासून असतो, तो नुसता सुरू करावा लागतो.

एक सूचना कायद्याची. अभ्यासासाठी एखाद्या लेखाची प्रत काढायला कॉपीराइट कायद्याने मोकळीक दिली आहे. आख्खे पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला नाही.

आकडे आणि नकाशे

पुरावा हाती आला की त्याचे विश्लेषण. संख्याशास्त्रासाठी प्राध्यापकांच्या तोंडी पहिले नाव येते एसपीएसएस. १९६८ पासूनचे हे सॉफ्टवेअर सामाजिक शास्त्रांत रुजलेले आहे, पण त्याचा परवाना महाग असतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते सहसा मोजक्याच यंत्रांवर सापडते. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी तशाच मांडणीचे पीएसपीपी विनामूल्य आहे. थोडी आज्ञावली शिकण्याची तयारी असेल तर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात जन्मलेली ‘आर’ ही भाषा आहे. तीही फुकट, आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तीच वापरतात.

नकाशांसाठी क्यूजीआयएस. हेही विनामूल्य. आपल्या विद्यार्थिनीने जनगणनेचे १९९१ आणि २००१ चे गावनिहाय आकडे त्यात घातले की भूकंपाआधीची आणि नंतरची लोकसंख्या एकाच नकाशावर शेजारी दिसेल. त्याखाली उपग्रहचित्र अंथरता येते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून सर्वांना फुकट आहेत, आणि लँडसॅट-५ तर १९८४ पासून फिरत होता. म्हणजे भूकंपाआधीचे किल्लारी आकाशातून पाहता येते. त्यातला प्रत्येक ठिपका जमिनीवरच्या ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तुकड्याचा असतो. घर ओळखू येणार नाही, पण जुने गावठाण आणि नवी वसाहत यांच्या जागा कळतील. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर हे काम रडतखडत चालते, निदान आठ जीबीचे यंत्र मागून घ्यावे.

इथे एका बारीक खाचखळग्याची सूचना देतो, कारण त्यात भले भले अडखळतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची भूकंपनोंद सर्वांना खुली आहे. तिच्यात किल्लारीच्या भूकंपाची तारीख २९ सप्टेंबर दिसते, वेळ रात्रीचे २२ वाजून २५ मिनिटे. ही नोंद चुकीची नाही. ती जागतिक प्रमाणवेळेत आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली ३० सप्टेंबरची पहाट येते, ३ वाजून ५५ मिनिटांची. आकडा फुकट मिळतो, पण तो कोणत्या मापात आहे हे वाचणाऱ्यालाच पाहावे लागते.

लिहिताना

लेखन सुरू झाले की संदर्भांची जुळवाजुळव डोक्याला ताप देते. कोणता लेख कुणाचा, कोणत्या वर्षाचा, पान कितवे. हे सांभाळायला झोटेरो आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने २००६ साली ते आणले, आणि ते विनामूल्य आहे. लेख वाचत असताना एका टिचकीत त्याची नोंद साठते आणि शेवटी हव्या त्या शैलीत संदर्भसूची आपोआप तयार होते. पदवीच्या पहिल्या वर्षी ते शिकलेला विद्यार्थी पुढे पीएच.डी.पर्यंत वेळ वाचवतो.

मग येते वाङ्मयचौर्याची तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. अवतरण देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. तपासणीसाठी इन्फ्लिबनेटने २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ ही सेवा विद्यापीठांना दिली आहे, तिच्यात आधी उर्कुंड आणि नंतर ड्रिलबिट हे सॉफ्टवेअर आले. मात्र यंत्र सांगते फक्त साम्य. ते साम्य चोरीचे की रास्त अवतरणाचे, याचा निर्णय माणसानेच करायचा असतो.

ज्यांना पडदा दिसत नाही

संगणक कक्षात एक यंत्र असे हवे ज्यावर हेडफोन लावून दृष्टिहीन विद्यार्थी काम करू शकेल. त्यासाठी लागणारे एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केले. ते विनामूल्य आहे आणि मराठीही वाचून दाखवते. दृष्टिहीनांसाठी भारतात ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ पासून आहे. म्हणजे या सोयीला लागते एक साधे यंत्र, एक हेडफोन आणि बसवणाऱ्याची इच्छा. पण पुस्तक नुसते चित्र म्हणून स्कॅन केलेले असेल तर हे सॉफ्टवेअर मुके होते. ओसीआर आणि युनिकोडची कटकट का करायची, याचे हे सर्वांत मोठे कारण.

काही शिस्त

कक्षातल्या यंत्रांना अनेक हात लागतात, म्हणून शिस्तही सामायिक. उठताना लॉगआउट करावे, ब्राउझरने पासवर्ड साठवू का विचारले तर नाही म्हणावे. पेनड्राइव्ह लावला की आधी तपासावा. फाइल दर दहा मिनिटांनी जतन करावी, कारण यूपीएस तुम्हाला फक्त काम आवरायला वेळ देतो. आणि एखाद्या नियतकालिकाचे अंकच्या अंक एका दमात डाउनलोड करू नयेत. प्रकाशकाचे यंत्र अशी झोड उठलेली ओळखते आणि विद्यापीठाच्या साऱ्या आवाराचेच दार बंद करते. एकाच्या हावरटपणाची शिक्षा सगळ्यांना होते.

मागितले तर मिळते

आता हिशेब करू. या लेखात आलेल्यांपैकी टेसेरॅक्ट, पीएसपीपी, आर, क्यूजीआयएस, झोटेरो आणि एनव्हीडीए ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. शोधगंगा, पबमेड, लँडसॅट आणि जागतिक बँकेचे अहवाल फुकट आहेत. पैसे लागतात ते वर्गणीच्या नियतकालिकांना, आणि ते विद्यापीठ, महाविद्यालय किंवा सरकार भरते. म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातला बराचसा संगणक कक्ष निलंग्यातल्या महाविद्यालयात, दहा चांगल्या यंत्रांवर, फार मोठा खर्च न करता उभा राहू शकतो. जे उभे करता येत नाही ते एसपीएसएसचे परवाने आणि मोठे स्कॅनर. त्यासाठी कधीतरी नांदेड गाठावे, कामांची यादी करून एकाच फेरीत उरकावे.

विद्यार्थ्यांनी येत्या आठवड्यात एवढेच करावे. आपल्या ग्रंथपालाकडे जाऊन चार प्रश्न विचारावे. आपले महाविद्यालय एन-लिस्टचे सभासद आहे का, आणि असेल तर माझा लॉगिन कुठे आहे? ओपॅक कोणत्या संगणकावर पाहता येईल? क्यूजीआयएस आणि झोटेरो एखाद्या यंत्रावर बसवून मिळेल का? पडदावाचक आहे का? ज्या ग्रंथालयात हे प्रश्न वारंवार विचारले जातात तिथली वर्गणी दरवर्षी भरली जाते. जिथे कुणीच विचारत नाही तिथे संगणक फॉर्म भरण्यापुरते उरतात, आणि मग त्याचा दोष फक्त ग्रंथालयाला देता येत नाही.